भाड्याच्या घरातील गळती : नुकसान कोणी सोसायचे?

पावसाळा सरून घरे बदलण्याचे दिवस आले, की या सदराकडे गळतीची पत्रे हमखास येतात. या अंकासाठी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली चार पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : ठाण्यात वर्तकनगर परिसरात दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही अकरा-अकरा महिन्यांच्या दोन नोंदणीकृत करारांवर राहत आहोत. मागच्या श्रावणात शयनगृहाच्या कोपऱ्यात ओल दिसू लागली आणि दिवाळीपर्यंत तिथले पोपडे गळून पडले. घरमालक पुण्याला असतात. त्यांना फोनवर सांगितले, तर ते म्हणाले, ‘सोसायटीशी बोला.’ सचिव म्हणाले, ‘आम्ही फक्त सभासदांशी पत्रव्यवहार करतो.’ वरच्या बिऱ्हाडाचे म्हणणे असे, की त्यांच्याकडे सगळे कोरडे आहे. भिंतीतल्या कपाटाचा प्लाय फुगला, आमची गादी आणि मुलीची पुस्तके बुरशीने खराब झाली. आता आम्ही घर सोडत आहोत, तर मालक एक लाखाच्या डिपॉझिटमधून रंगकाम आणि कपाट यांचे ४०,००० रुपये कापून घेऊ म्हणतात. शेवटच्या दोन महिन्यांचे भाडेच देऊ नका, असा शेजाऱ्यांचा सल्ला आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : शेजाऱ्यांचा सल्ला आधी बाजूला ठेवा. तो एका खऱ्या तरतुदीच्या ऐकीव माहितीवर उभा आहे, पण ती तरतूद तुमच्यासाठी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात उलट काही ठरलेले नसेल, तर जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. त्याने दुर्लक्ष केले, तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र अशी रक्कम एका वर्षात त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. नौपाडा-चरईतील जुन्या पागडीच्या भाडेकरूंच्या दृष्टीने हे कलम महत्त्वाचे आहे. तुमच्याजवळच्या कागदाला आपण बोलताना ‘भाडेकरार’ म्हणत असलो, तरी तो लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा वापरण्याच्या परवान्याचा करार आहे आणि त्या अर्थाने तुम्ही भाडेकरू नसून परवानाधारक आहात. या कलमाच्या भरवशावर तुम्ही दोन महिन्यांचे पैसे थांबवलेत, तर आज जी बाजू तुमची भक्कम आहे, तीच ‘भाडे थकवले’ या एका वाक्याने कमकुवत होईल.

मग मालकाची जबाबदारी कुठून येते? पहिल्यांदा करारातून. या करारांच्या छापील मसुद्यांत बहुधा असे एक वाक्य असते, की दैनंदिन किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाने आणि मोठी दुरुस्ती मालकाने करायची. नळाचा वॉशर बदलणे ही किरकोळ दुरुस्ती झाली. स्लॅबमधून उतरणारी ओल कोणत्याही वाचनाने किरकोळ ठरत नाही. दुसरा आधार १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचा आहे. त्याच्या कलम ५७ प्रमाणे, परवानाधारकाच्या जिवाला किंवा वस्तूंना धोका पोहोचवू शकेल असा दोष मालकाला ठाऊक असेल आणि परवानाधारकाला ठाऊक नसेल, तर तो सांगणे मालकाला बंधनकारक आहे. तुम्ही राहायला आलात त्या दिवशीची छायाचित्रे असतील तर ती काढून पाहा. सगळी खोली जुन्या रंगाची आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात ताज्या रंगाचा चौकोन दिसत असेल, तर ती ओल तुमच्या आधीची आहे आणि मालकाला ती माहीत होती, असे म्हणायला चांगली जागा आहे.

तरीही खरा प्रश्न कायद्याच्या आधी प्लंबिंगचा आहे. पाणी कुठून येते हे ठरल्याशिवाय पैसे कोणाचे हे ठरत नाही, आणि नेमके हेच काम टाळून सगळे पक्ष महिनोन्‌महिने भांडत राहतात. ओल कधी वाढते याची आठवडाभर रोज नोंद ठेवा. वरच्या घरातल्या आंघोळी आटोपल्यावर तासाभराने थेंब वाढत असतील, तर दोष बहुधा नहाणी ट्रॅपभोवती (बाथरूमचे पाणी निघून जाते त्या जाळीच्या तोंडाभोवती) किंवा फरशीच्या सांध्यांत असतो. रात्रंदिवस सारखीच ओल असेल, तर भिंतीतली पाण्याची लाइन संशयित ठरते. अशा वेळी वरच्या फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह एक-दोन दिवस बंद ठेवून ओल सुकू लागते का, हे पाहतात. पावसातच वाढून हिवाळ्यात थांबत असेल, तर बाहेरच्या भिंतीची भेग, खिडकीचा सज्जा किंवा सोसायटीचे बाहेरचे पाइप तपासावे लागतात. बाथरूमची खात्री करायची असेल, तर ट्रॅपचे तोंड बंद करून फरशीवर इंचभर रंगीत पाणी २४ ते ४८ तास साठवून ठेवतात. खाली तोच रंग उतरला, की वाद संपतो. वरच्या बिऱ्हाडाने ‘आमच्याकडे कोरडे आहे’ म्हणणे खरेही असू शकते. फरशीखालच्या कोब्यात मुरलेले पाणी वर राहणाऱ्याला कधीच दिसत नाही, ते खालच्यालाच दिसते. माझ्या पाहण्यात असेही एक घर आहे, जिथे तीन प्लंबरांनी वरचे बाथरूम फोडायला सांगितले होते आणि शेवटी वरच्या एसीच्या पाण्याची नळी भिंतीच्या पोकळीत सुटलेली निघाली. ओल एप्रिल-मेमध्ये का वाढते, हे तोवर कोणी विचारलेच नव्हते.

उगम सापडला, की गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, उत्तर बरेच स्पष्ट आहे. गच्चीतून येणारे पावसाचे पाणी, बाहेरचे सामायिक पाइप आणि सांडपाण्याच्या सामायिक लाइन यांमुळे होणारी गळती सोसायटीने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटधारकाचा असतो. म्हणजे तुमच्या प्रकरणात खर्च वरच्या सभासदाकडे जाईल किंवा सोसायटीकडे, आणि पाइप तुमच्याच फ्लॅटचा निघाला तर तुमच्या मालकाकडे. यांपैकी एकाही वाटेवर परवानाधारकाचे नाव येत नाही.

सचिवांचे उत्तर नियमाला धरून आहे, हे कबूल करावे लागते. सोसायटीचे नाते सभासदाशी असते. (भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार, लावताना त्या फ्लॅटमध्ये कोणी राहते हे सोसायटीला बरोबर आठवते, ही गोष्ट वेगळी.) म्हणूनच ‘सोसायटीशी बोला’ हे मालकाचे उत्तर जबाबदारी झटकणारे आहे. सोसायटीला लेखी तक्रार त्यांनीच करायची होती, किंवा त्यांच्या वतीने तक्रार करण्याचे अधिकारपत्र तुम्हाला द्यायचे होते. हे अधिकारपत्र तुम्ही आजही मागू शकता, आणि पुण्याहून ते ई-मेलनेही येऊ शकते.

तुमची एक चूक मात्र सांगितली पाहिजे. वर्षभर तुम्ही फोनवर बोलत राहिलात. संभाषण झाले होते हे कॉलच्या नोंदीवरून दिसेल, काय बोलणे झाले ते दिसणार नाही. व्हॉट्सअॅपवर मालकांना एखादे छायाचित्र पाठवले असेल, तर तो फोन जपून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मधील प्रमाणपत्राची अट पूर्ण केल्यास असा इलेक्ट्रॉनिक मजकूर पुरावा म्हणून दाखल करता येतो. मालकाला गळतीची लेखी सूचना ज्या तारखेला मिळाली, त्या तारखेनंतर वाढलेल्या नुकसानाबद्दल त्यांना ‘मला माहीतच नव्हते’ असे म्हणता येत नाही. त्या तारखेआधीचे कपाटाचे नुकसान मात्र ते तुमच्या मौनावर ढकलू पाहतील.

डिपॉझिटचा प्रश्न या सगळ्यावरून सुटतो. ही रक्कम तुमची आहे आणि ती मालकाकडे तारण म्हणून आहे; तुमच्याकडून झालेले नुकसान किंवा थकबाकी एवढ्यासाठीच ती कापता येते. खिळे ठोकून भिंतीची चाळण केली असती किंवा कपाटाचे दार मोडले असते, तर गोष्ट वेगळी होती. वरून आलेल्या ओलीने पडलेले पोपडे हे तुमचे कृत्य नव्हे, आणि नेहमीच्या वापराने मळलेला रंग ही तर घर भाड्याने देण्याच्या व्यवहारातच धरलेली झीज आहे. घराच्या किल्ल्या देण्यापूर्वी मालक किंवा त्यांचा प्रतिनिधी यांच्यासमक्ष प्रत्येक खोलीची छायाचित्रे घ्या, ओलीच्या कोपऱ्याची नोंद असलेला ताबापावतीचा कागद दोन प्रतींत करून त्यावर सह्या घ्या, आणि एका प्लंबरचे उगमाविषयीचे मत लेखी मिळवा. त्यानंतर पूर्ण डिपॉझिट परत मागणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा.

गादी आणि पुस्तके यांची भरपाई ज्याच्या दोषामुळे पाणी आले त्याच्याकडून मागता येते, पण एक गोष्ट लक्षात घ्या. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ मध्ये भरपाई मोजताना, गैरसोय टाळण्याचे जे उपाय हाताशी होते, तेही विचारात घ्यायचे असतात. ओल दिसत असताना गादी महिनाभर त्याच भिंतीला टेकलेली होती का, हा प्रश्न विचारला जाईलच.

मालकांनी पैसे अडवलेच, तर थेट दाव्याच्या आधी ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व तडजोडीसाठी अर्ज करा. तुमच्या घरातील स्त्रीच्या नावाने करार असेल, तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे तिला उत्पन्नाची अट न लागता मोफत कायदेविषयक मदत मिळू शकते. ४०,००० रुपयांसाठी वर्षानुवर्षे दिवाणी न्यायालयात जाण्यापेक्षा, समोरासमोर बसून प्लंबरचा कागद टेबलावर ठेवणे बहुतेक वेळा अधिक उपयोगी पडते.

प्रश्न : कोपरखैरणे येथील माझा फ्लॅट मी एका कुटुंबाला भाड्याने दिला आहे. करार नोटरी केलेला आहे, नोंदणी केलेली नाही. पाणीपुरवठा बंद असलेल्या दिवशी ते कुटुंब स्वयंपाकघरातला नळ उघडा ठेवून दोन दिवसांसाठी गावी गेले. पाणी आले, सिंक भरून वाहिले, दिवाणखान्यातले लॅमिनेटचे फ्लोअरिंग फुगले आणि खालच्या घराचे पीओपीचे छत कोसळले. खालचे गृहस्थ माझ्याकडे ६०,००० रुपये मागत आहेत. भाडेकरू म्हणतात, सिंकचा पाइप आधीपासूनच तुंबत होता.

उत्तर : पाणी नसताना नळ फिरवून पाहायचा आणि तो तसाच ठेवून निघायचे, ही आपल्याकडची इतकी सार्वत्रिक सवय आहे, की शटडाउननंतरच्या सकाळी प्लंबरांचे फोन थांबत नाहीत. हा निष्काळजीपणा भाडेकरूंचाच आहे आणि मूळ जबाबदारी त्यांची आहे. तुम्ही मालक आहात एवढ्यावरून त्यांची चूक कायद्याने आपोआप तुमची होत नाही. मात्र सोसायटीचे सभासद तुम्ही असल्याने नोटीस तुमच्याच नावाने येणार आणि खालचे गृहस्थही तुमचेच दार वाजवणार, हे गृहीत धरून चाला.

भाडेकरूंचे म्हणणे मात्र झटकून टाकू नका. उघड्या नळाचे पाणी एरवी सिंकच्या जाळीतून निघून जाते. ते ओट्यावरून जमिनीवर उतरले, याचा अर्थ जाळीवर ताटली पडलेली होती किंवा पाइप खरोखरच तुंबला होता. पाइप तुंबत असल्याची तक्रार त्यांनी तुम्हाला आधी केली होती का, हे तुम्हाला ठाऊक आहे. केली असेल आणि तुम्ही प्लंबर पाठवला नसेल, तर नुकसानाचा काही वाटा तुम्ही स्वतःकडे घेणे योग्य ठरेल. ताटली असेल, तर वाद उरत नाही. नळाऐवजी फ्लशच्या टाकीची जुनी जोडनळी फुटली असती, तर मी याच्या नेमके उलट लिहिले असते, कारण वर्षानुवर्षे न बदललेली नळी ही मालकाची बाब आहे.

खालच्या घरी जाताना भाडेकरूंना बरोबर न्या. तुम्ही एकट्यानेच रक्कम मान्य केलीत, तर उद्या ते म्हणतील, की आमच्या पैशावर तुम्ही उदार झालात. मागणी पूर्ण छताची आहे की पडलेल्या भागाची, छत किती वर्षांचे होते आणि कारागिराचे अंदाजपत्रक कुठे आहे, एवढे विचारले, की ६०,००० हा आकडा अनेकदा खाली येतो. तुमच्या फ्लोअरिंगलाही हाच न्याय लावा. सहा-सात वर्षे वापरलेल्या फ्लोअरिंगची नव्या दराने भरपाई मागता येत नाही.

तुमची खरी अडचण वेगळीच आहे. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे, लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, ते खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘नुकसान झाल्यास डिपॉझिटमधून वळते करू’ अशी अट तुमच्या नोटरीच्या कागदावर असली, तरी भाडेकरूंनी ती नाकारली की सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते. म्हणून तुमच्या बाबतीत समेट हाच शहाणपणाचा मार्ग आहे. डिपॉझिटमधून जे कापाल, त्याची बिले जोडून हिशेब लेखी द्या.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील एका नव्या टॉवरमध्ये आम्ही भाड्याने राहतो. पश्चिमेच्या भिंतीतून आणि खिडकीच्या चौकटीतून पावसाचे पाणी आत येते. मालक म्हणतात, बिल्डरला विचारा.

उत्तर : बिल्डरला विचारण्याचा अधिकार त्यांना आहे, तुम्हाला नाही. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत रचनेतील किंवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिला, तर तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करणे बिल्डरवर बंधनकारक आहे. ही तक्रार फ्लॅट घेणाऱ्याने करायची असते. तुम्ही पाणी आत येत असतानाची तारीखवार चित्रफीत मालकांना ई-मेलने पाठवा आणि ताब्याची तारीख विचारा. पाच वर्षे संपायला थोडेच महिने उरले असतील, तर हा ई-मेल मिळाल्यावर मालक स्वतःहून हालचाल करतील.

प्रश्न : वाशीत तळमजल्यावर भाड्याने राहतो. जुलैतल्या एका रात्री भरती आणि पाऊस एकत्र आले, घरात गुडघाभर पाणी शिरले. फ्रिज, पलंग आणि धान्य गेले. वीस दिवस आम्ही नातेवाइकांकडे होतो. त्या दिवसांचेही भाडे द्यावे लागेल का? आणि वस्तूंचे काय?

उत्तर : निसर्गाच्या कोपाला कोणी एक जबाबदार नसतो, या उत्तरावर थांबता आले असते. पण वाशीचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली भराव घालून वसवलेला आहे आणि त्यासाठीच सिडकोने खाडीकाठी होल्डिंग पाँड, म्हणजे पावसाचे पाणी साठवून धरणारे तलाव, बांधले. त्यांत गाळ साचला, की मोठ्या भरतीच्या वेळी पावसाचे पाणी मागे फिरते आणि ठरावीक सेक्टरांत, ठरावीक इमारतींत शिरते. तुमच्या घरात याआधीच्या पावसाळ्यांतही पाणी आले होते का, हे इमारतीच्या रखवालदाराला विचारा. आले असेल आणि मालकांनी करार करताना ते सांगितले नसेल, तर पहिल्या उत्तरातले कलम ५७ इथेही पुढे करता येते. पहिल्यांदाच आले असेल, तर वस्तूंचे नुकसान मालकांकडून वसूल होण्याची आशा धरू नका.

वीस दिवसांच्या भाड्याबाबत आधी करार वाचा. घर वापरण्यायोग्य न राहिल्यास काय करायचे, याचे कलम असेल तर तेच लागू होईल. बहुतेक छापील मसुद्यांत ते नसते, आणि मग हा बोलण्याचा विषय उरतो. ज्या दिवसांत घर वापरताच आले नाही, त्या दिवसांच्या वापराचे शुल्क मागणे मला योग्य वाटत नाही. पण परस्पर कापून न घेता मालकांना तसे लिहून कळवा आणि त्यांचे उत्तर लेखी घ्या. तलाठी कार्यालयाकडून पंचनामा झाला असेल, तर त्याची प्रतही मागून घ्या.

मालकांनी घराचा विमा उतरवलेला असला, तरी त्यात तुमचा फ्रिज येत नाही. ती वस्तू तुमची असल्यामुळे तिचा विमा तुम्हीच घ्यायचा असतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक आहे, आणि भाड्याने राहणाऱ्यांना ती केवळ घरातील सामानापुरतीही घेता येते. पुराचे पाणी तसेच टाकी किंवा पाइप फुटून किंवा भरून वाहून झालेले नुकसान तिच्यात येते. महिनोन्‌महिने मुरत गेलेली ओल मात्र बहुधा येत नाही, म्हणून दाव्याच्या अर्जावर ‘ओलीमुळे’ असे मोघम न लिहिता पाणी कोणत्या रात्री, किती वाजता आणि कुठून शिरले, ते लिहा.